एकाच सुरावर अडून बसलेला बँड : रग्बीचे स्पेसमेन ३

स्पेसमेन ३ची निम्मीअधिक गाणी, गिटार हातात घेऊन महिना झालेल्या पोरालाही वाजवता येतील. एक कॉर्ड (एकदम वाजवलेल्या काही स्वरांचा गुच्छ), फार तर दोन. तरीही गेली तीसेक वर्षं कितीतरी बँड त्यांची नक्कल करत आलेत आणि बहुतेकांची नक्कल दोन मिनिटांत कंटाळवाणी होते. असं का होतं याचं उत्तर त्यांच्या यंत्रांत आहे, वायरी कुठल्या क्रमाने जोडायच्या यात आहे आणि काय वाजवायचं नाही या हट्टात आहे. नशेच्या दंतकथा त्या मानाने बिनकामाच्या. त्या सगळीकडे वाचायला मिळतात, म्हणून इथे थोडक्यात आटपणार आहे.

रग्बी हे इंग्लंडमधलं, कॉव्हेंट्री आणि नॉर्दम्प्टनच्या मधलं गाव. खेळाला नाव दिलं तेच. मोठी जुनी शाळा, रेल्वे जंक्शन, टर्बाइनचे कारखाने, सिमेंट. गावाबाहेर हिलमॉर्टनला पोस्ट खात्याच्या रेडिओ केंद्राचे ८२० फुटी बारा मनोरे उभे होते. १९२६पासून तिथून १६ किलोहर्ट्झच्या एकाच लहरीवर संदेश जायचे. मनोरे २००४ ते २००७ या काळात पाडले. त्या मनोऱ्यांचा आणि बँडच्या संगीताचा संबंध जोडायचा मोह होतो, पण रेडिओलहर कानाला ऐकू येत नाही, तेव्हा तो मोह इथेच सोडू.

पीट केम्बर आणि जेसन पिअर्स १९८२ साली रग्बीच्या आर्ट कॉलेजात भेटले. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १९ नोव्हेंबर १९६५. पत्रिकावाल्यांनी यातून काय काढायचं ते काढावं. पुढे केम्बरने सॉनिक बूम हे नाव घेतलं आणि पिअर्सने जे. स्पेसमन. सुरुवातीला ड्रमवर टिम मॉरिस आणि बेसवर पीट बेन. बँडचं नाव नुसतंच द स्पेसमेन. मग बेन आणि मॉरिस बाहेर पडले, नॅटी ब्रुकर ड्रमला आला आणि काही काळ बेसच नव्हता. त्या तिघांच्या दिवसांत नाव बदललं. हाताने काढलेल्या एका पोस्टरवर 'रात्रीची तुमची स्वप्नं तीन मापं मोठी आहेत का?' अशा अर्थाची ओळ होती, तिच्यातला तीनचा आकडा नावाला चिकटला. पुढे बेन परत आला, माणसं चार झाली, तरी आकडा तसाच राहिला. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते इथे फार वेगळ्या रीतीने खरं ठरलं. भांडण शेवटी दोघांतच झालं.

लहान गावात असल्या बँडला कार्यक्रम कोण देणार? म्हणून १९८५मध्ये या दोघांनी रिव्हर्बरेशन क्लब नावाने स्वतःच एक अड्डा सुरू केला. जुन्या गॅरेज आणि पंक रेकॉर्ड लावायच्या आणि मध्येच स्वतः वाजवायचं. यातून दोन गोष्टी साधल्या. ऐकणाऱ्यांना हे कुठून आलं ते कळायला लागलं : टेक्ससचे थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स आणि रेड क्रेयोला, डेट्रॉइटकडचे स्टूजेस आणि एमसी५, न्यूयॉर्कचे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड आणि सुइसाइड. आणि बँडला, कुणी टाळ्या वाजवो न वाजवो, तीच गोष्ट पंधरा मिनिटं वाजवत राहायची सवय लागली. ती सवय ध्वनिमुद्रणाच्या खोलीत लागत नाही.

जानेवारी १९८६मध्ये नॉर्दम्प्टनजवळच्या पिडिंग्टन गावातल्या एका छोट्या स्टुडिओत त्यांनी डेमो केले. त्या डेमोंवर ग्लास रेकॉर्ड्सचा करार मिळाला आणि त्याच वर्षी 'साउंड ऑफ कन्फ्यूजन' हा पहिला अल्बम आला. तो बर्मिंगहॅमला बॉब लॅम्बच्या स्टुडिओत झाला. यूबी४०चा पहिला अल्बम ज्याने ध्वनिमुद्रित केला तोच हा लॅम्ब. सात गाणी, त्यात तीन दुसऱ्यांची. खरं सांगायचं तर अल्बमपेक्षा ते डेमो सरस आहेत. अल्बममध्ये फझ, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला खरखरीत आवाज, सपाट भिंतीसारखा येतो, डेमोंमध्ये त्याच्या आतली हालचाल ऐकू येते. हे डेमो १९९०मध्ये 'टेकिंग ड्रग्ज टू मेक म्युझिक टू टेक ड्रग्ज टू' या नावाने निघाले. या बँडविषयी लिहिणाऱ्या निम्म्या लोकांची गाडी त्या नावापाशीच अडकते. केम्बर हेरॉइनबद्दल मुलाखतींत उघड बोलायचा, लपवाछपवी नव्हती. आणि त्याची किंमतही या मंडळींनी मोजली. पण नशा करणारे बँड त्या काळात पैशाला पासरी होते. असा आवाज एकाच बँडचा निघाला.

दोन अँप आणि एक थरथर

'साउंड ऑफ कन्फ्यूजन'च्या सुमारास केम्बरकडे बर्न्स जॅझ गिटार आणि साठच्या दशकातला व्हॉक्स कॉन्करर अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) होता, पिअर्सकडे एचएच कंपनीचा सत्तरच्या दशकातला अँप. दोन्ही ट्रान्झिस्टरचे. ऐंशीच्या दशकात व्हॉल्व्हच्या अँपचा रुबाब होता, जुन्या ट्रान्झिस्टर अँपना फारसं कुणी विचारत नव्हतं. दोन्हींत फझ आणि ट्रेमोलो आतच बसवलेले. त्यांच्या आवाजाचा पाया हाच. पुढे केम्बरने व्हॉक्सची स्टारस्ट्रीम गिटार घेतली. थेंबाच्या आकाराची, इटलीत बनलेली. तिच्या पोटातच बॅटरीवर चालणारं इफेक्टचं सर्किट : फझ, ट्रेबल आणि बेस बूस्ट, तळहाताने चालवायचा, 'वा-वा' असा आवाज काढणारा वा-वा, सूर लावण्यासाठी ई स्वर देणारं बटण आणि रिपीट नावाचा, सुराचे बारीक तुकडे पाडणारा वेगवान ट्रेमोलो.

ट्रेमोलो म्हणजे सुराची उंची हलवणं नव्हे, आवाजाची पातळी ठरावीक गतीने वर-खाली करणं. एक कॉर्ड छेडून सोडून दिली तर ती विझत जाते, ऐकणाऱ्याला पुढची कॉर्ड हवीशी वाटते. तीच कॉर्ड सेकंदाला सहा वेळा वर-खाली झाली की तिच्यात लय येते. हात काही करत नाही आणि तरी गाणं चालू असतं. ड्रमर नसला तरी भागतं. 'द परफेक्ट प्रिस्क्रिप्शन'मधल्या बऱ्याच गाण्यांत ड्रम जवळपास नाहीतच आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही, ते यामुळेच.

आता ज्यांना हा आवाज घरी काढून बघायचाय त्यांच्यासाठी.

क्रम : गिटार, मग फझ, मग ट्रेमोलो, सगळ्यात शेवटी डिले (आवाज जरा उशिराने परत ऐकवणारा) किंवा रिव्हर्ब (मोठ्या खोलीचा घुमारा देणारा). सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. फझ सिग्नलचे माथे छाटतो, त्यामुळे मोठा आणि लहान आवाज जवळपास एकाच पातळीला येतात. ट्रेमोलो फझच्या आधी लावला तर त्याने केलेला चढउतार फझ पुन्हा सपाट करून टाकतो. पोत जरा हलतो, पातळी हलत नाही. मग माणूस ट्रेमोलोचं बटण अजून फिरवतो, तरी काही होत नाही आणि शेवटी पेडलला शिव्या घालतो. डिले ट्रेमोलोच्या नंतर हवा, म्हणजे मधल्या खाचा आधीच्या लाटेच्या शेपटीने भरतात. आधी लावला तर डिलेसकट सगळंच तुकड्यांत कापलं जातं.

गती : जुन्या अँपवर आकडे नसतात, पण हिशोब सोपा आहे. मिनिटाला ९० ठोक्यांची लय असेल तर एक ठोका म्हणजे १.५ हर्ट्झ, ठोक्याला चार लाटा हव्या असतील तर ६ हर्ट्झ, तीन हव्या असतील तर ४.५. ट्रेमोलोची खोली, म्हणजे आवाज किती खाली पाडायचा ते, पूर्ण ठेवू नये, पाऊण पुरते. पूर्ण ठेवली की कुणीतरी दिव्याचं बटण चालू-बंद करतंय असं वाटतं. आणि बँडने ट्रेमोलोच्या मागे जायचं असतं. ट्रेमोलो थकत नाही, घाई करत नाही आणि ड्रमरकडे बघतही नाही. ड्रमरने आपली लय धरून ठेवली तर दोन मिनिटांत दोघं वेगळे पडतात.

दोन गिटारांचे दोन ट्रेमोलो असतील तर खरी गंमत आहे. एक ६ हर्ट्झवर आणि दुसरा ६.२वर असला तर दर पाच सेकंदांनी दोघांच्या लाटा एकत्र येतात आणि सगळा आवाज हळूच फुगून ओसरतो. फरक ०.९ झाला तर हीच भेट सव्वा सेकंदाच्या आत होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी चुकतंय. म्हणजे दुसऱ्या अँपचं बटण केसभरच हलवायचं.

कॉर्ड : नेहमीचा ई मेजर फझमधून घाणेरडा वाजतो, हा अनुभव नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला येतो. कारण असं की फझ दोन स्वरांच्या फरकाचाही एक स्वर जन्माला घालतो. खालचा ई ८२.४ हर्ट्झ, त्यावरचा बी १२३.५. फरक ४१.१, म्हणजे जवळपास बरोबर एक सप्तक खालचा ई. फुकटात खर्ज मिळाला. त्या दोघांमध्ये जी शार्प, म्हणजे शुद्ध गंधार, १०३.८वर घुसवला की फरक निघतात २१.४ आणि १९.६. हे कानाला स्वर म्हणून लागत नाहीत, नुसती गुरगुर होते. उघड्या ई मेजरमध्ये हा गंधार एक सप्तक वर असतो म्हणून गुरगुर कमी असते, पण असते. तेव्हा गंधार काढून टाका. सहावी तार मोकळी, पाचवी आणि चौथी दुसऱ्या फ्रेटवर, तिसरी चौथ्या फ्रेटवर, दुसरी आणि पहिली मोकळ्या. एवढ्यात फक्त ई आणि बी उरतात, षड्ज आणि पंचम. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर आता एकच बी आहे, २४७ हर्ट्झचा. त्यातली एक तार खुंटीने चार सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरवली की पावणेदोन सेकंदाला एक संथ लाट उठते. तानपुऱ्याची जोड लावलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. उलट त्याचा कान इथे गिटारवाल्यापेक्षा पुढे असतो. फक्त ट्यूनर बघून बरोबर शून्यावर लावू नका. शून्यावर लावलेली जोड मेलेली असते.

बेस : त्याची सगळ्यांत खालची मोकळी तार ४१.२ हर्ट्झ. म्हणजे फझने फुकटात दिलेल्या खर्जाच्या अगदी कुशीत. बेस जरा जरी बेसूर असला तरी खालून ढवळल्यासारखं होतं आणि लहान खोलीत भिंती घुमायला लागतात. बेसवाल्याने डी तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटचा ई धरावा आणि हलू नये. बेसवाले याला तयार होत नाहीत, हा तांत्रिक नसून स्वभावाचा प्रश्न आहे.

ड्रमरसाठी : झांजा काढून ठेवा. फझचा वरचा सगळा चुरचुरीत भाग आणि झांजेचा आवाज एकाच जागेत राहतात, झांज वाजली की गिटार गायब होते. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची मो टकर झांजांना जवळपास हातच लावत नसे, तो धडा या मंडळींनी बरोबर घेतला होता.

घरघर : ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ. स्वरात सांगायचं तर जी आणि त्यावर ३५ सेंट. म्हणजे ई धरून बसलात तर खाली एक चढा, कुजकट कोमल गंधार अखंड वाजत असतो. सगळे अँप एकाच बोर्डावर घ्या, गिटार ट्रान्सफॉर्मरपासून लांब धरा आणि बसायचा कोन बदलून बघा, सिंगल कॉइल पिकअपला (तारांखालच्या, एकाच गुंडाळीच्या चुंबकाला) याने खूप फरक पडतो. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, मायक्रोफोनला ओठ लागल्यावर शॉक बसून माणसं मेलेली आहेत. आणि कानांचं बघा. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ १५ मिनिटं धरतात. 'वॉकिंग विथ जीझस'च्या बारा इंची रेकॉर्डच्या पाठीमागचं 'रोलरकोस्टर' १७ मिनिटांचं आहे.

सोळा ट्रॅक

दुसऱ्या अल्बमसाठी त्यांनी शहाणपणाचा सौदा केला. रग्बीजवळच्या व्हीएचएफ स्टुडिओत त्यांच्या पैशातून १६ ट्रॅकचं यंत्र आलं आणि मोबदल्यात बँडला स्टुडिओचा भरपूर वेळ मिळाला. दिवसाच्या भाड्यावर काम करणारा बँड पहिला बरा टेक घेऊन बाहेर पडतो. यांनी १९८७चे कित्येक महिने तिथे काढले.

१६ ट्रॅकने नेमका काय फरक पडला? आठ ट्रॅकच्या यंत्रावर थर चढवायचे तर आधीचे सहा-सात ट्रॅक एका ट्रॅकवर उतरवून जागा मोकळी करावी लागते. दर उतरवणीला टेपची सरसर वाढते, वरचे स्वर मळतात आणि एकदा उतरवलं की मिश्रण बदलता येत नाही. सोळा असले की एकच ऑर्गनचा स्वर पाच-सहा वेळा वेगवेगळा वाजवून, प्रत्येकाला वेगळा इफेक्ट देऊन शेजारी शेजारी ठेवता येतो. ३३० हर्ट्झचे दोन थर पाच सेंटनी वेगळे असले तर साधारण सेकंदाला एक लाट उठते. सहा थर असले की लाटांत लाटा मिसळतात आणि स्वर श्वास घेतो. 'एक्स्टसी सिंफनी' हा तुकडा या पद्धतीचाच आहे : ऑर्गनची एक कॉर्ड, थरांवर थर, आणि तिथून पुढचं 'ट्रान्सपरंट रेडिएशन' अलगद उमलतं.

सप्टेंबर १९८७मध्ये आलेल्या 'द परफेक्ट प्रिस्क्रिप्शन'ची रचना नशेच्या चढण्या-उतरण्यावर बेतलेली आहे. पहिल्या बाजूला चढ, शेवटी 'कॉल द डॉक्टर'. म्हणजे उतार त्यांनी गाळलेला नाही. मधल्या गाण्यांत देवाला हाका आहेत. गॉस्पेलचे, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांचे शब्द आणि सुईचे शब्द एकाच ओळीत येतात, आणि वाजवणाऱ्यांनी दोन्हींकडे सारख्याच गांभीर्याने बघितल्यामुळे ते थिल्लर होत नाही. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत पक्का अल्बम.

१९८८ साली बेन आणि ब्रुकरनंतरचा ड्रमर रॉस्को वेगळे झाले, त्यांनी द डार्कसाइड काढला. बेसवर विल करदर्स आला.

सतार नसलेली सतार

१९ ऑगस्ट १९८८ला लंडनच्या पश्चिमेला, ब्रेंटफर्डच्या वॉटरमन्स आर्ट्स सेंटरमध्ये विम वेंडर्सचा चित्रपट लागणार होता. त्याआधी फोयरमध्ये स्पेसमेन ३ वाजवणार होते. कार्यक्रमाचं नाव 'अॅन ईव्हनिंग ऑफ काँटेंपररी सितार म्युझिक'. ड्रमर नाही. केम्बर, पिअर्स आणि करदर्सच्या जोडीला गिटारवर स्टीव्ह इव्हान्स. खुर्च्यांवर बसून (ते नेहमीच बसून वाजवायचे) त्यांनी पाऊण तास एकच कॉर्ड धरली आणि एक छोटा गिटारचा तुकडा तिच्यावर फिरवत ठेवला. समोरचे लोक चित्रपटाला आलेले, हे काय चाललंय ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. मुद्रणात मध्येच चित्रपटाची घोषणा करणारा लाउडस्पीकर ऐकू येतो. सतार कुठेच नाही. १९९०मध्ये हे 'ड्रीमवेपन' नावाने रेकॉर्डवर आलं.

यावर आपल्याकडचा वाचक पटकन म्हणतो, हा तर तानपुरा, आपल्याकडूनच गेला. अर्धं खरं आहे, पण वाट वाकडी आहे. न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून तासन्‌तास धरलेल्या स्वरांचं संगीत करत होता. त्याच्या कानावर तानपुरा पडला होता तो पन्नाशीच्या दशकातल्या अली अकबर खाँच्या एलपीवरून. त्याच्या चमूत व्हायोला वाजवणारा जॉन केल आणि तालवाद्यं वाजवणारा अँगस मॅक्लाइझ हे दोघंही व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या स्थापनेत होते. 'ड्रीमवेपन' हा शब्दही मॅक्लाइझचाच. स्पेसमेन ३पर्यंत हा अखंड धरलेला स्वर पोचला तो या मार्गाने. किराणा घराण्याचे पंडित प्राण नाथ न्यूयॉर्कला आले १९७०मध्ये. अब्दुल वाहिद खाँचे शिष्य. यंग आणि टेरी रायली त्यांचे गंडाबंध शागीर्द झाले खरे, पण तोवर केल आणि मॅक्लाइझ दोघंही त्या चमूतून कधीच निघून गेले होते. तेव्हा अब्दुल करीम खाँचं मिरज आणि रग्बी यांच्यात थेट रेघ मारता येत नाही. एक धागा एलपीच्या खाचेतून गेलाय, एवढंच.

फरकही मोठा आहे. तानपुरा गायकासाठी असतो, त्याच्यावर राग उभा राहायचा असतो. इथे तानपुराच मैफिलीच्या मध्यभागी येऊन बसलाय आणि गवई आलेलाच नाही. काहींना हे पोकळ वाटेल. मला पहिली दहा मिनिटं पोकळ वाटतात, त्यानंतर नाही. कान तोवर मूळ स्वराच्या वर उमटणाऱ्या बारीक उपस्वरांकडे वळलेला असतो आणि तिथे बरंच काही चाललेलं असतं.

गाणं कुणाचं?

फेब्रुवारी १९८९मध्ये फायर रेकॉर्ड्सवर 'प्लेइंग विथ फायर' आला. 'रेव्होल्यूशन' हे आधीच गाजलेलं गाणं सोडलं तर अल्बम बराच शांत आहे. रॉक बँड सहसा उलट जातात, आधी हळू आणि मग जोरात. यांनी आवाज कमी करून तीच ताकद ठेवली आणि मला वाटतं ते जास्त अवघड आहे.

पण अल्बमच्या पाठीवर भांडण छापलेलं आहे. आधी बहुतेक गाणी दोघांच्या नावावर असायची. इथे नऊपैकी पाच केम्बरची, तीन पिअर्सची आणि 'सुइसाइड' हे एकच दोघांचं. केम्बरचं म्हणणं होतं, ज्याने लिहिलं त्याचं नाव. वरवर बघता यात चूक काहीच नाही. पण या बँडपुरता तो कायदाच गैरलागू आहे. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी मिळते ती शब्दांना आणि चालीला. ट्रेमोलोच्या गतीला मिळत नाही, ऑर्गनच्या सहा थरांना नाही, गंधार काढून टाकण्याला तर नाहीच. ज्या गाण्यात एक कॉर्ड आणि आठ ओळी आहेत त्यात 'लिहिलेलं' किती आणि 'घडवलेलं' किती? एकाने आणलेला दोन ओळींचा तुकडा दुसऱ्याच्या गिटारीने आणि मांडणीने उभा राहायचा, आणि पैसे मात्र तुकड्याचे. त्यात इतरही ताण होते, मॅनेजरशी खटके होते. १९८९च्या मध्यापर्यंत दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. गिटारवादक मार्क रिफॉय आणि ड्रमर जॉनी मॅटॉक या वेळेला बँडमध्ये आले आणि त्यांना वाजवायला मिळालं ते हे वातावरण. शेवटचा कार्यक्रम २५ ऑगस्ट १९८९, रेडिंग फेस्टिव्हल.

'रिकरिंग' हा शेवटचा अल्बम १९९१च्या फेब्रुवारीत आला तेव्हा बँड संपलेला होता. पहिली बाजू केम्बरची, दुसरी पिअर्सची, दोघांनी आपापलं वेगळं मुद्रण केलेलं. दोघं एकत्र आहेत असं एकच गाणं, आणि तेही परक्याचं : सिअॅटलच्या मडहनीचं 'व्हेन टुमॉरो हिट्स'. ते खरं तर सब पॉप या रेकॉर्ड कंपनीच्या एका अदलाबदलीच्या सिंगलसाठी केलं होतं. एका बाजूला यांनी त्यांचं गाणं वाजवायचं, दुसऱ्या बाजूला त्यांनी 'रेव्होल्यूशन'. मडहनीने 'रेव्होल्यूशन'चे शब्द टिंगलीचे करून टाकले, केम्बरचं डोकं फिरलं आणि सिंगल निघालंच नाही. विनोदाचा आणि या बँडचा संबंध तसाही बेताचाच.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. पिअर्सने १९९०मध्ये स्पिरिच्युअलाइज्ड सुरू केला आणि करदर्स, मॅटॉक, रिफॉय तिघंही तिकडे गेले. म्हणजे नावाव्यतिरिक्त सगळा बँडच गेला. १९९७चा त्यांचा अल्बम औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटासारख्या वेष्टनात आला होता. केम्बरने स्पेक्ट्रम आणि एक्सपेरिमेंटल ऑडिओ रिसर्च चालवले, मग निर्मात्याच्या खुर्चीत बसला : एमजीएमटीचा २०१०चा अल्बम, पांडा बेअर, २०१८मध्ये बीच हाउस. या निर्मितींत जुनी खोड स्पष्ट दिसते. त्याच्या हातून गेलेल्या गाण्यात कॉर्ड कमी होतात, वाढत नाहीत. नॅटी ब्रुकर चित्रकार होता, 'रिकरिंग'वरचं चित्र त्याचंच. २०१०मध्ये तो आजारी असताना जुनी मंडळी त्याच्यासाठी लंडनला एकत्र वाजवायला जमली. पिअर्स त्यात नव्हता.

नव्याने ऐकणार असाल तर 'द परफेक्ट प्रिस्क्रिप्शन'पासून सुरुवात करा आणि गाणी उलटसुलट लावू नका, त्याचा क्रम मोडला की अर्धा अल्बम जातो. मग 'प्लेइंग विथ फायर'. त्यानंतर पिडिंग्टनचे डेमो, आणि आमस्टरडॅमच्या मेल्कवेग सभागृहात ६ फेब्रुवारी १९८८ला मुद्रित झालेला लाइव्ह अल्बम 'परफॉर्मन्स'. पहिला स्टुडिओ अल्बम सावकाश ऐकला तरी चालेल. 'ड्रीमवेपन' फोनच्या स्पीकरवर लावण्यात अर्थ नाही. तो स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही आणि हा पाऊण तास बराचसा त्याच्या खालीच घडतो. बरे हेडफोन घ्या, आवाज मध्यम ठेवा आणि पहिल्या दहा मिनिटांत बंद करू नका.